नॉब पाचवर, सुराचे बारा

डिस्टॉर्शन पेडल म्हणजे पायाने दाबायचा धातूचा एक छोटा डबा. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर बाहेर पडते, आणि मधल्या चार इंचांत सालस सूर दांडगा होऊन निघतो. डब्यावर साधारण तीन नॉब असतात. जपानच्या बॉस कंपनीचं डीएस-वन हे नारिंगी पेडल १९७८ साली बाजारात आलं. त्यावरचे टोन, लेव्हल आणि डिस्ट हे तीन नॉब आजही तसेच आहेत, आणि नवशिक्या पहिल्याच मिनिटाला ते तिन्ही उजवीकडे पूर्ण पिळतो हेही तसंच आहे. गिटारवाले नॉबची जागा घड्याळाच्या काट्यात सांगतात. डावीकडे बंद म्हणजे सात, मधोमध म्हणजे बारा आणि उजवीकडचं शेवटचं टोक म्हणजे पाच. त्यामुळे जाणता आणि नवशिक्या यांची पहिली चर्चा वेळेवरूनच होते. "डिस्ट किती वाजता ठेवलंय?" "पाच वाजता." "लेव्हल?" "तेही पाच." "आणि टोन?" "पाचच. पैसे पूर्ण दिलेत, मग नॉब अर्धा का वापरायचा?" या शेवटच्या प्रश्नाला कुठल्याही संगीतशास्त्रात उत्तर नाही, कारण तो प्रश्न संगीताचा नाहीच. पंखा पाचवर, गीझर शेवटच्या आकड्यावर आणि टीव्हीचा आवाज रिमोटचं बटण चालेल तिथवर, ही आपली रीत. नॉब उजवीकडे फिरतो याचा अर्थ तो उजवीकडेच फिरवायचा असतो, असं आपण लहानपणापासून मानत आलो आहोत.

हे सगळं बिडकीन डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, त्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचं, पैठण तालुक्यातलं हे गाव. इथलं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालं, आणि मोटारी नि विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची नावं आता चहाच्या टपरीवर घेतली जातात. कारखाना आला की पगार येतो, पगारामागे भाड्याची खोली येते, आणि खोलीत एकट्या राहणाऱ्या तरुणाच्या डोक्यात आज ना उद्या गिटार येते. साधी गिटार आली तर गावाला पत्ताही लागत नाही. इलेक्ट्रिक गिटार आली की तिच्यामागे कुरिअरने पेडल येतं, आणि मग भिंतीपलीकडचे काका दारात उभे राहतात. "आरं, मोटार जळाली काय?" "नाही काका, सोलो आहे." "मग दुरुस्त कर की." काकांचा सल्ला मला मोलाचा वाटतो. माझं म्हणणं एवढंच आहे: नवशिक्या हे पेडल चुका झाकायला घेतो आणि पेडल नेमक्या त्याच चुका चव्हाट्यावर आणतं. म्हणून पेडल घ्यायला हरकत नाही, पण नॉब पाचवरून नऊवर आणला पाहिजे. हे पटवायला पुराव्यांची गरज आहे, कारण नवशिक्याला तोंडी सांगून काही उपयोग नसतो. अ‍ॅम्प चालू असतो, त्याला ऐकू येत नाही.

पहिला पुरावा पेडलच्या पोटातला आहे. गिटारची तार छेडली की वायरीतून एक लहर येते, आधी उंच, मग हळूहळू बुटकी होत जाणारी. पेडल तिला आधी भरमसाट मोठी करतं आणि मग ठरावीक उंचीवर तिचा माथा छाटतं. हे काम डायोड नावाचे शेंगदाण्याहून लहान भाग करतात. जुन्या वाड्याच्या बुटक्या दरवाजातून पाटील असो की गडी, दोघांनाही वाकूनच आत यावं लागतं आणि आत आल्यावर कोण किती उंच हे कळत नाही, तसं इथे जोरात छेडलेली तार आणि चुकून हललेली तार एकाच उंचीच्या होऊन बाहेर पडतात. आता नवशिक्याचा हिशेब बघा. त्याला वाटतं की डिस्टचा नॉब हा आवाजाचा नॉब आहे. पण माथा एकदा छाटला गेल्यावर डिस्ट आणखी पिळून मोठा सूर फारसा मोठा होत नाही, त्याला वर जागाच उरलेली नसते. मोठं होतं ते बाकीचं सगळं: तारेवरून बोट सरकल्याचं किंचाळणं, नखाचा टकटकाट, नको त्या तारेला लागलेली करंगळी, शर्टाच्या बटणाचं गिटारवर घासणं, आणि आपण थांबलो असा समज झाल्यानंतरही न थांबलेली सहावी तार. थोडक्यात, डिस्ट पाचवर गेल्यावर बरोबर सुराला बढती मिळत नाही, चुकीच्या सुरांना मात्र सरसकट मिळते.

दुसरा पुरावा विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेत ६०. गिटारचे साधे, एकेरी पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या त्यांच्याखालच्या गुंडाळ्या, हा हेलकावा ट्यूबलाइटमधून, पंख्याच्या रेग्युलेटरमधून, शेजारच्या इन्व्हर्टरमधून उचलतात. (दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ही गुणगुण मारणारा हंबकर १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी शोधला, नवशिक्याच्या स्वस्त गिटारवर तो असेलच असं नाही.) ५० ची दुप्पट १००, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर, आणि १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० हेलकावे) हा सूर हार्मोनियमच्या हिशेबात पांढरी पाचच्या किंचित वर येतो. याचा अर्थ बिडकीनपासून बोरिवलीपर्यंत अखंड महाराष्ट्राला वीज कंपन्यांनी एकाच पट्टीत तानपुरा धरून दिलेला आहे, आणि तोही चोवीस तास, भारनियमनाचे तास वगळून. पेडल बंद असताना हा तानपुरा लाजत गुणगुणतो. पेडल दाबलं, डिस्ट पाचवर नेलं, की तो मुख्य गायक होतो. नवशिक्या आधी गिटारला दोष देतो, मग वायरीला, मग विक्रेत्याला, आणि शेवटी नवं पेडल मागवतो. भिंतीवरच्या बोर्डातलं तिसरं भोक त्याला दिसत नाही. त्या भोकात अर्थिंगची तार असायला हवी, आणि आपल्याकडच्या कितीतरी खोल्यांमध्ये ते नुसतं शोभेचं असतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसेना म्हणून तिसरी पिन मोडून टाकणारा कारागीर तर प्रत्येक घरात एक असतो.

तिसरा पुरावा गणिताचा आहे, पण घाबरू नका, चौथीचं गणित पुरेल. दोन सूर एकत्र पेडलमध्ये गेले की ते दोन म्हणून बाहेर येत नाहीत. त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही सूर होऊन निघतात. सा २०० हर्ट्झचा आणि प ३०० चा घेतला तर वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. छान बसलं. म्हणूनच हेवी मेटलवाले पॉवर कॉर्ड म्हणून जे वाजवतात ते निव्वळ सा आणि प असतं, आणि तानपुरेही बहुधा त्याच दोन सुरांत लावलेले असतात. काळ्या टीशर्टातला केसाळ गिटारवादक आणि मैफलीत मागे बसलेला तानपुऱ्यावरचा शिष्य एकाच जोडीवर जगतात, हे दोघांनाही ठाऊक नसतं. आता त्यात गंधार घाला. गिटारवर पडदे सारख्या अंतरांच्या मापाने ठोकलेले असतात, त्यामुळे २०० च्या सा ला शुद्ध गंधार २५० चा न मिळता जवळजवळ २५२ चा मिळतो. वजाबाकी ५२. खाली हवे होते ५०, आणि ते ५० महावितरणकडून आधीच चालू आहेत! या दोन हर्ट्झच्या भांडणातून जी गुरगुर निघते, तिला नवशिक्या "हेवी" म्हणतो. त्याला येणारे कॉर्ड तर सगळे पाच-सहा तारांचे, शिकवणीत पहिल्या महिन्यात शिकवलेले, गंधारासकट. सहा तारांच्या बेरजा-वजाबाक्या एकदम सुटल्या की मेजर काय नि मायनर काय, दोन्हींचा गाळ सारखाच दिसतो. त्यात एखादी तार उतरलेली असली तर विचारूच नका.

त्यामुळे डिस्टॉर्शनवर वाजवण्याची खरी कला गप्प बसवण्यात आहे. एक तार वाजवायची तर पाच दाबून धराव्या लागतात. काही उजव्या तळव्याच्या कडेने, काही डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांच्या पोटांनी. मोठे वादक धडाधड वाजवताना दिसतात तेव्हा त्यांचे दोन्ही हात निम्म्याहून जास्त वेळ तारांची तोंडं बंद करत असतात. हे दिसत नाही, आणि व्हिडिओतून शिकणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. नवशिक्याला वाजवायची घाई असते, आणि न वाजवण्याची साधना कुणी फी देऊन शिकत नाही. तशी ती आपल्याला एकूणच जड जाते. कीर्तनात टाळ कधी थांबवायचा, लग्नात भाषण कधी आवरायचं, ग्रामसभेत माईक कुणाला द्यायचा, यातलं एकही अजून सुटलेलं नाही. मग एकट्या गिटारवाल्याकडून काय अपेक्षा करणार?

हे सुरांपर्यंत पोचल्यावरचं झालं. बरेच नवशिके तिथवर पोचत नाहीत. बहुतेक पेडलांत गिटारची वायर उजवीकडून आत जाते आणि डावीकडून बाहेर येते. आपल्याला डावीकडून उजवीकडे वाचायची सवय, त्यामुळे पहिली संध्याकाळ पूर्ण शांततेत जाते आणि शेजाऱ्यांना वाटतं पोरगं सुधारलं. दुसऱ्या दिवशी वायरी अदलाबदल होऊन आवाज येतो, पण वायर पेडलमध्येच खोचून ठेवली जाते. वायर खोचलेली असली की पेडल चालूच राहतं, ते पायाने बंद केलं असलं तरी. असंच राहिलं की थोड्याच दिवसांत ९ व्होल्टचा चौकोनी सेल मान टाकतो. नवशिक्या गल्लीतल्या वायरमनकडे जातो, कारण तसला सेल गावात हमखास असतो तो त्याच्या मल्टिमीटरमध्येच. "एका संध्याकाळपुरता द्या." "आणि मी करंट बोटाने मोजू?" मग अडॅप्टरचा शोध सुरू होतो. घरात ज्याची पिन बसते तो अडॅप्टर सापडतो वायफायच्या राउटरचा. पेडलला हवे असतात ९ व्होल्ट आणि मधल्या टोकाला ऋण. राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधल्या टोकाला धन. पिन मात्र अगदी मापाची. या प्रयोगानंतर घरात दोन गोष्टी कळतात. पेडलला नशिबाने संरक्षण असलं तर ते वाचतं, नसलं तर जळक्या वासाने निरोप घेतं. दुसरी गोष्ट आईकडून कळते, कारण तिची मालिका अडलेली असते. "नेट का गेलं रे?" "संगीतासाठी." एवढं उत्तर देऊन नवशिक्या आतल्या खोलीत जातो, आणि घरात संगीताविषयीचा आदर कायमचा कमी होतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा: हा मुळात सूर बिघडवण्याचा धंदा आहे, आधी साधं, स्वच्छ वाजवायला शिक, ही परदेशी खरखर कशाला? यातला "परदेशी" हा भाग मला अजिबात मान्य नाही. मिरजेत जा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे सतार-तानपुरे घडवायला घेतले, फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांच्यातलं मोठं नाव, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याची घोडी तासतो ती तार तिच्यावर किंचित घासावी म्हणूनच. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचं, जोवर सुरातून उपसुरांची झळाळी उठत नाही तोवर. याला जवारी म्हणतात. नुसत्या कोरड्या तारेला चार जास्तीचे स्वर चिकटवायचे, सुराला धार आणि गुंजन द्यायचं, हेच काम डायोड करतात. तेव्हा सुराला खरखरीची फोडणी हे पाप असेल तर ते आपण पिढ्यान्‌पिढ्या देवघरात बसून केलेलं आहे. पण वडीलधाऱ्यांचा उरलेला अर्धा मुद्दा मात्र जवारीच सिद्ध करते. मिरजेचा कारागीर धागा सरकवतो तो सुताच्या मापाने. तानपुऱ्याला नॉब असता आणि तो नवशिक्याच्या हाती दिला असता, तर तो पाचवर गेला असता आणि भीमपलासीत ट्रॅक्टर शिरला असता.

दुसरा आक्षेप खुद्द नवशिक्याचा, आणि तो इतिहासाचा आधार घेऊन येतो. तो म्हणतो, हा आवाज जन्मलाच मुळी मोडतोडीतून, मग नीटनेटकेपणाचे धडे मला कशाला? आणि पुरावे त्याच्याकडे भरपूर असतात. १९५१ साली मेम्फिसमध्ये 'रॉकेट एटी-एट' ध्वनिमुद्रित झालं तेव्हा वाटेत आपटलेल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं होतं. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे यांनी पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली, आणि शब्दच नसलेल्या त्या गाण्यावर अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली. १९६१ मध्ये आलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी'त तर दोष रेकॉर्डिंगच्या मिक्सरमध्येच होता. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज डब्यात भरला आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल दुकानात आलं. १९६४ मध्ये डेव्ह डेव्हिस यांनी ब्लेडने स्पीकर फाडून 'यू रिअली गॉट मी' वाजवलं. पुरावे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. भोकं पाडणाऱ्या प्रत्येकाला वाजवता येत होतं. रंबल म्हणजे मोजून-मापून टाकलेले थोडे कॉर्ड आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. शिवाय या डब्याची नीट किंमत कुणालाच आधी कळली नव्हती. फझ-टोनची जाहिरात होती ती गिटारमधून ट्रम्पेट आणि ट्युबाचे आवाज काढा अशी. कीथ रिचर्ड्स यांनी १९६५ साली 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वापरलं तेही पुढे इथे पितळी वाद्यं घालू या बेताने. गाणं तसंच बाजारात गेलं आणि वर्ष संपेपर्यंत दुकानांतले फझ-टोन संपले. ट्रम्पेटच हवी होती तर पैठण रोडच्या कुठल्याही वरातीत मिळाली असती, वाजवणाऱ्यासकट आणि गणवेशासकट.

मराठी पुरावा हवा असेल तर बेंजो पार्टीचा घ्या. हे वाद्य मूळचं जपानी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली बनवलेलं ताइशोगोतो. टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली तारा. मुंबई-कोकणात त्याला पिकअप बसला, तो अ‍ॅम्प्लिफायरमधून कर्ण्यात गेला, आणि हळदीपासून विसर्जनापर्यंत त्याने मुलूख नाचवला. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्यावर 'बँजो' हा हिंदी चित्रपटही काढला. आवाज फाटका, टोकदार, कान पकडून उभा करणारा, पण गाणं कुठलं चाललंय हे तिसऱ्या गल्लीत समजतं. का? बेंजोवाला एका वेळी चालीची एकच ओळ वाजवतो. गंधार-पंचमाचं गाठोडं एकदम फेकत नाही. वजाबाक्यांचं गणित त्याला कुणी शिकवलेलं नाही, कानाने ते सोडवलेलं आहे.

तिसरा आक्षेप जरा चिडून येतो. "गावात डीजे लागतो तेव्हा सगळे गप्प. माझ्या दहा वॅटच्या अ‍ॅम्पवरच का उठता?" कायदा बघितला तर दोघांनाही सारखाच लागू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी, आणि राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. रॉकवाल्यांना या नियमांची झळ बसलेलीच आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकसारख्या मैफली मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात गाजल्या आणि नंतर ते खुलं नाट्यगृहच शांतता क्षेत्रात गेलं. तेव्हा अन्यायाची भावना समजू शकते. पण डीजे आणि नवशिक्या यांत एक फरक आहे, तो डेसिबलमध्ये मोजता येत नाही. वरात पुढे सरकते. नवशिक्या जागचा हलत नाही, आणि त्याची तीच ओळ त्याच जागी अडखळते. शेजारी त्रासतात ते आवाजाने कमी, त्या अडखळण्याने जास्त. पुढची चूक कुठे येणार हे आता त्यांनाही पाठ झालेलं असतं, आणि ती आली नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं.

या आक्षेपात एक खरा मुद्दा मात्र दडलेला आहे. पेडल हातात येण्याच्या कितीतरी आधी नवशिक्याचा कान तयार झालेला असतो, आणि तो तयार केला मंगल कार्यालयातल्या माईकने. "हॅलो, हॅलो, चेक" पासून "वधूच्या मामांनी मंडपात यावे" पर्यंत. मामांना कळत नाही, म्हणून ऑपरेटर आवाज वाढवतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपते, लहरींचे माथे छाटले जातात, शब्द आणखी फाटतात. मामांना आता तर काहीच कळत नाही, म्हणून आवाज आणखी वाढवला जातो. शेवटी मामा शेजारी उभे असलेल्या पोराच्या साध्या हाकेने सापडतात, पण श्रेय माईकला मिळतं. न समजलेली गोष्ट मोठ्याने सांगितली की समजते, या श्रद्धेवर आपल्याकडे सभा चालतात, संसार चालतात, शाळाही चालतात. नवशिक्याचा नॉब या श्रद्धेतूनच पाचवर जातो. सूर ओळखू येत नाही म्हणून तो डिस्ट वाढवतो, आणि डिस्ट वाढवल्यामुळे सूर ओळखू येत नाही.

कळस होतो तो गणेश मंडळाच्या ऑर्केस्ट्रात. १९९१ साली आलेल्या मेटल झोनसारख्या पेडलांवर डिस्टॉर्शनबरोबर खर्ज, मध्य आणि टीप यांचेही वेगळे नॉब असतात. नवशिक्याला खोलीत एकट्याने वाजवताना शोध लागतो की मध्य शून्यावर आणि बाकी दोन्ही पाचवर नेलं की आवाज थेट रेकॉर्डमधल्यासारखा राक्षसी लागतो. खोलीत लागतोही. पण गिटारचा जीव मध्यातच असतो. मंडपात खर्जाचा ताबा ढोलकीने आणि बासने घेतलेला, टिपेचा झांजांनी, आणि मध्यावर कीबोर्डवाला ऐसपैस बसलेला. गिटारवाला सगळीकडे असतो आणि कुठेच नसतो. "मी ऐकूच येत नाहीये." "मग मध्य वाढव." "त्याने आवाज बिघडतो." "कुणाचा?" यावर उत्तर नसतं, म्हणून लेव्हल पाचवर जाते, शेजारचा अ‍ॅम्प पिकअपला ऐकू येऊन कुईं अशी शिट्टी सुरू होते, आणि मंडळाचे अध्यक्ष हात जोडून स्टेजवर येतात. आरती सुरू झाली असं समजून लोक उभे राहतात.

शेवटचा आक्षेप माझ्यावरच आहे आणि तो मला अंशतः मान्य आहे. पेडल काढून घेतलं, स्वच्छ सुरावर महिनोन्‌महिने सरगम घोटायला लावली, तर पोरगं वाजवायचंच सोडेल आणि गिटार कपाटावर चढेल. मराठी घरांतल्या कपाटांवर आधीच एकेक हार्मोनियम, बुलबुलतरंग आणि चुलतभावाचा कीबोर्ड आहे. पायाने बटण दाबल्यावर छातीत जी धडकी भरते ती फुकटची का असेना, नवशिक्याला उद्या पुन्हा गिटार उचलायला लावते, आणि उद्या पुन्हा उचलणं हाच शिकण्यातला सगळ्यात अवघड भाग. म्हणून मी पेडलबंदीच्या विरोधात आहे. डिस्ट नऊ वाजता, टोन बारा वाजता, लेव्हल एवढीच की पेडल दाबलं किंवा सोडलं तरी आवाज जवळपास सारखाच राहील. आधी दोन तारांचा सा-प, तोही उरलेल्या चार दाबून. तेच पेडल बंद करून वाजवून बघायचं, आणि जे बंद असताना ऐकवत नाही ते चालू असतानाही ऐकवणार नाही असं धरून चालायचं. रात्री दहानंतर अ‍ॅम्पला हेडफोन. आणि पेडल मागवण्याआधी एक करा: खोलीतल्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची तार खरोखर आहे का, ते गल्लीतल्या वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण सगळी जाणार नाही, बरीच कमी होईल, गिटारच्या तारांना हात लावल्यावर बसणारे बारीक झटके थांबतील, आणि खर्च पेडलच्या मानाने किरकोळ आहे. वायरमन आला की त्याच्या मल्टिमीटरमधल्या सेलकडे तेवढं बघू नका.